कर्क रास मला दिसली होती

आमच्या गल्लीत दिव्याचा एकच खांब आहे, नळासमोर. चार नंबरच्या खोलीत राहणारा माणूस त्या खांबाखालून जाताना डावा डोळा मिटायचा. खांब मागे पडला की उघडायचा. रोज संध्याकाळी. मी ओट्यावर सुकट निवडत बसलेली असायचे, मला दिसायचं. पुष्कळ दिवस मला वाटलं, डोळ्याला काही झालं असेल. शेवटी एकदा विचारलं, "डोळे आले काय हो?"

तो थांबला. विचार केला. काही न बोलता खोलीत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळशी घेऊन नळावर आला तेव्हा म्हणाला, "नाही आक्का. राखून ठेवतो."

"काय राखून ठेवता?"

"डोळा. उजेड बघितला की डोळा खुळा होतो. परत अंधारात दिसायला लागायला अर्धा तास जातो. एक तरी शाबूत राहू दे की."

त्याचं उत्तर देणं असंच होतं. आज विचारा, उद्या उत्तर. एका सोमवारी मी विचारलं होतं, लग्न झालंय का. गुरुवारी दोरीवर सदरा वाळत घालता घालता तो म्हणाला, "झालं होतं." पुढचं विचारण्यात मी आणखी चार दिवस घालवले नाहीत.

सालवडला आमच्या घरामागे सहा खोल्या आहेत. नवऱ्याने बांधल्या, तो गेल्यावर मी सांभाळते. भाडेकरू सगळे बाहेरचे, कारखान्यांतले. कोणी जळगावचे, कोणी नांदेडचे, सहा नंबरात चार बिहारी पोरं. हा सांगलीकडचा. वय पन्नासच्या पुढे, अंगाने काटकुळा, कारखान्यात बॉयलरवर होता. काचेच्या नळीत पाणी किती चढलंय ते बघत बसायचं, हेच काम. माझ्या सुनेने एकदा विचारलं, कंटाळा येत नाही का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "पाणी हलतं की."

खोलीत तो दिवा लावायचा नाही. जेवण दिवस मावळायच्या आत. रात्री लागलीच तर एक बॅटरी होती, तिच्या तोंडावर लाल कागद रबराने बांधलेला. लाल उजेडाने डोळा बिघडत नाही म्हणे. बाकीचे भाडेकरू त्याला हसायचे. बिहारी पोरं "चाचा, एक आँख का चश्मा सस्ता मिलेगा" म्हणायची. तोही हसायचा, पण पुढच्या दिवशी.

त्याला आमची गच्ची हवी होती. मी गच्ची कोणाला देत नाही. तिथे माझे बोंबील वाळतात. मी एडवणची, माहेर बोटवाल्यांचं, चार बुकं शिकले आणि सुकवायला शिकले, दुसरं काही येत नाही. मी त्याला म्हटलं, "शुक्रवारी सुट्टी असते ना तुमाला? दिवसभर कावळे हाकला. मग संध्याकाळी गच्ची तुमची."

पहिल्या शुक्रवारी तो हातात काठी घेऊन उभा राहिला. सकाळी नऊला उभा राहिला तो दुपारपर्यंत हलला नाही. मी वर जाऊन बघितलं तर एक कावळा त्याच्या पायाजवळ बसून बोंबील खात होता. कावळ्यांना तो खांब वाटला असणार.

मी म्हटलं, "अवो, हाकलायला ठेवलंय तुमाला. माणसाने हात तरी हलवावा."

त्याने कावळ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "खरं आहे." त्याच दिवशी दिलेलं हे त्याचं पहिलंच उत्तर असेल.

संध्याकाळी तो चटई टाकून गच्चीवर उताणा पडायचा. मला वाटलं, वाऱ्याला पडतो. बोंबील झाकायला वर गेले तेव्हा विचारलं, काय बघता. दुसऱ्या शुक्रवारी कळलं. कर्क रास बघत होता.

मी म्हटलं, "रास काय बघायची असते? पंचांगात असते ती."

"वर पण असते," तो म्हणाला. "तुमची कोणती?"

"कर्कच. लग्नात भटाने सांगितली. हळवी असते म्हणाला."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. त्यावर तो काय म्हणणार होता ते मला कधीच कळलं नाही.

माझा बाप समुद्रावर जायचा. त्याला तारे ठाऊक होते, पण कामाचे. मोठे, ठळक, ज्यांच्यावरून बोट घरी येते ते. बारक्या ताऱ्यांना तो कचरा म्हणायचा. हा माणूस नेमका त्या कचऱ्यात बोट घालून बसला होता. मला म्हणाला, हे दोन तारे जवळजवळ दिसतात ना, ते पुनर्वसू. तिकडे खाली तो एकटा ठळक आहे, ती मघा. दोघांच्या मधलं रिकामं दिसतं, ती कर्क.

"रिकामी जागा दाखवता काय मला?"

"रिकामी नाही. पुष्य आहे तिथे. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. तरणा लगेच दिसतो. म्हाताऱ्याकडे कोण बघतंय?"

मला ते लागलं. मी खुर्ची ओढली आणि पाण्याच्या टाकीला डोकं टेकून बसले.

त्या शुक्रवारी काही दिसलं नाही. पुढच्याला पूर्वेकडच्या कारखान्यांचा धूर आमच्यावर आला, तेव्हाही नाही. मी म्हटलं, थापा मारताय. तो म्हणाला, तिच्याकडे बघू नका, तिच्या शेजारी बघा. सरळ बघितलं की ती विझते. जरा बाजूला बघायचं आणि डोळ्याच्या कडेने तिला येऊ द्यायचं. शिवाय गच्चीवर येताना एक डोळा मिटून यायचं, खांबाचा उजेड लागू द्यायचा नाही. मी साठी उलटलेली बाई, एक डोळा मिटून, कठड्याला धरून जिना चढायला लागले. कोणी बघत नाही ना, हे आधी बघून घ्यायचे.

तिसऱ्या शुक्रवारी दिसली. मघाकडे बघत होते आणि बाजूला, बरोबर डोक्यावर, काहीतरी होतं. तारा नव्हे. आरशावर तोंडाची वाफ धरते आणि जाता जाता शेवटी उरते, तेवढं. सरळ बघितलं की गेलं. बाजूला बघितलं की आलं. मी तीनचार वेळा करून बघितलं. दर वेळी आलं.

"दिसलं," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला. चटईवरून उठलासुद्धा नाही. पण नंतर बराच वेळ गुणगुणत होता.

एवढंच. मला काही साक्षात्कार झाला नाही, गुडघे दुखत होते ते दुखतच होते. पण त्यानंतर मी दर शुक्रवारी वर गेले. पौर्णिमेच्या जवळ काही दिसायचं नाही, तरी गेले. जन्मभर जी माझी म्हणून सांगितली ती खरोखर आहे, आणि आमच्या घरावरूनच जाते, हे मी कोणाला सांगितलं नाही. मुलगा विचारायचा, आये, रात्रीची वर काय करतेस? मी सांगायचे, बोंबील झाकते.

आता न्हाणीचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. सहा खोल्यांना मिळून मागे तीन न्हाण्या आहेत. भिंती पुरुषभर उंच आणि वर छप्पर नाही. गच्चीच्या कठड्याशी उभं राहून खाली बघितलं तर सगळं दिसतं. भाडेकरणी चार वर्षं मागत होत्या, मावशी, वर पत्रे टाका. मी म्हणायचे, पावसाळ्यानंतर बघू. पावसाळा झाला की म्हणायचे, होळीनंतर. माझी कंजुषी, दुसरं काही नाही.

तो मार्चमधला शुक्रवार. नळाला पाणी रात्री आठला येतं, आणि उकाडा सुरू झाला की बायका पाणी आल्यावर आंघोळी करतात. मी गच्चीवर होते. तो चटईवर उताणा. खालून सुनेने हाक मारली, गावाहून बहिणीचा फोन आलाय. मी उठले. जिन्यावर अंधार, म्हणून त्याने ती लाल बॅटरी पेटवून कठड्यावर ठेवली, मला पायऱ्या दिसाव्यात म्हणून. मी खाली आले, डावा डोळा मिटूनच फोनवर बोलले. बॅटरी तिथेच राहिली.

न्हाणीत तीन नंबरवालीची मुलगी होती, नववीतली. तिने केसांवर पाणी ओतलं, मान वर केली आणि तिला कठड्यावर लाल दिवा दिसला. ती किंचाळली.

तीन नंबरवाली जळगावकडची. तोंडाने तिखट, पण बाई सरळ. ती हातात धुणं बडवायचा धोका घेऊनच गच्चीवर गेली. मागून तिचा नवरा, माझा मुलगा, बिहारी पोरं. प्रत्येकाने मोबाइलचा उजेड पेटवलेला. मी सगळ्यात मागे.

तो चटईवर उठून बसला होता. तीन नंबरवाली म्हणाली, "रोज येता-जाता माझ्या पोरीला डोळा मारतो. मी बघितलंय. बाकीच्यांनी पण बघितलंय. मी गप्प बसले. आता लाल दिवा लावून वरून बघतोय."

"काय करत होतास रे वर?" माझ्या मुलाने विचारलं. एरवी तो त्याला काका म्हणायचा.

तो विचार करायला लागला. त्याची सवय मला ठाऊक होती, त्यांना नव्हती. चोर सापडला की असाच गप्प होतो, असं त्यांना वाटलं असणार. त्याला उद्यापर्यंत वेळ कोण देणार? तिच्या नवऱ्याने त्याची कॉलर धरली. तेव्हा तो म्हणाला, "कर्क रास बघत होतो."

"काय?"

"कर्क रास. डोक्यावर आहे आत्ता."

"कहाँ है चाचा, दिखाओ," एक बिहारी पोरगा म्हणाला.

त्याने वर बोट केलं. सगळ्यांनी माना वर केल्या. काही नव्हतं. नसणारच.

"कुठे हाय?" मुलगा म्हणाला.

"आधी ते उजेड बंद करा."

"बघा," तीन नंबरवाली म्हणाली. "आता अंधार करायला सांगतोय."

कोणीतरी हसलं. तो इकडेतिकडे बघत होता. मग मी त्याला दिसले, जिन्याच्या तोंडाशी. तो म्हणाला, "आक्कांना विचारा की. त्यांना दिसते."

सगळे माझ्याकडे वळले. मुलगा म्हणाला, "आये, तुला काय दिसतं तिथं?"

मी जिना डावा डोळा मिटूनच चढले होते. सवयीने. तो उघडला आणि वर बघितलं, सरळ नाही, मघाकडे. ती होती. एवढ्या उजेडात जेमतेम, पण होती. मी वर बघत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. माझी मान कशी वळलीय, डोळा कुठे लागलाय, हे त्याला बरोबर कळलं. त्याचा चेहरा मोकळा झाला. माणूस सुटला की होतो तसा.

मी म्हटलं, "मला नाय काय दिसत."

"तू तर रात्रीची वर येतेस ना?"

"बोंबील झाकायला येते मी."

त्याने एकदा वर बघितलं. एवढंच.

मी का बोलले ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या वेळी ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दोन कारणं होती. एक, दिसते म्हटलं असतं तर पुढे सांगावं लागलं असतं की मी, नवरा नसलेली बाई, महिनाभर अंधारात एका भाडेकरूबरोबर गच्चीवर बसत होते. तीन नंबरवालीच्या तोंडून ते नळावर गेलं असतं, मुलगा-सुनेने कुठे बघायचं? दुसरं कारण जास्त वाईट. तो चोर ठरला नाही तर दोष न्हाणीचा, म्हणजे माझा. तो चोर ठरला तर मी सुटत होते.

तीन नंबरवालीचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. उघड्यावर आंघोळ करणाऱ्या पोरीने वर दिवा बघितला तर तिची आई काय त्या माणसाला ताऱ्यांची नावं विचारेल? तिने जे बघितलं ते सांगितलं. मी जे बघितलं ते सांगितलं नाही.

त्यांनी त्याला मारलं नाही. माझ्या मुलाने सांगितलं, सकाळी खोली खाली कर. त्याने चटई गुंडाळली, बॅटरी विझवली आणि माझ्या शेजारून जिना उतरला. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

सकाळी मी उठायच्या आत तो गेला होता. खोली झाडून ठेवलेली. मला वाटत होतं, जायच्या आधी येईल, काहीतरी म्हणेल. त्याची उत्तर द्यायची वेळ तीच असायची, दुसरा दिवस. आला नाही.

सोमवारी मी पत्रेवाला बोलावला. एका दिवसात तिन्ही न्हाण्यांवर छप्पर पडलं. तीन नंबरवाली म्हणाली, "मावशी, एवढं व्हायची वाट बघितली होय?" मी म्हटलं, हो.

मग गणपतीनंतर, एका दुपारी, मला फोन आला. पालघरहून कोणी बाई बोलत होती. आवाजावरून माझ्याच वयाची.

"सालवडच्या खोल्यांवाल्या काय तुमी? तुमच्याकडे बॉयलरवाला एक माणूस राहायचा ना?"

"राहायचा."

"माझ्याकडे खोली मागतोय. मी म्हटलं, आधीच्या मालकाचा नंबर दे. तर तुमचा दिला. म्हणाला, आक्कांना विचारा, त्या सांगतील. कसा हाय माणूस?"

त्याने माझा नंबर दिला होता. दुसऱ्या कोणाचा नसेल म्हणून दिला, की मी या वेळी नीट सांगेन म्हणून दिला, मला कळलं नाही. अजून कळत नाही.

"चांगला हाय," मी म्हटलं. "कोणाच्या अध्यात नाय, मध्यात नाय. दारू नाय. खोली आरशासारखी ठेवतो."

"मग तुमची खोली सोडली कशाला?"

पाण्याचा त्रास होता, एवढं म्हटलं असतं तर झालं असतं. आमच्याकडे पाण्याचा त्रास आहेच. पण सून तिथेच भाकऱ्या करत होती आणि मला वाटलं, आता बोलायचं. इतके महिने पोटात ठेवलेलं सगळं मी त्या बाईला सांगितलं. गच्ची, न्हाणी, लाल बॅटरी, डोळा मिटणं, कर्क रास. मी खोटं बोलले हे दोनदा सांगितलं. मोठ्याने सांगितलं, सुनेला ऐकू जावं म्हणून. सांगताना मला हलकं वाटत होतं. खरं बोलायची गरज मला होती. त्याला खोलीची होती.

बाई म्हणाली, "म्हणजे पोरगी खाली आंघोळ करत होती आणि हा वर होता."

"उताणा पडला होता. वर बघत होता. ती बॅटरी माझ्यासाठी ठेवलेली."

"तुमी म्हणता ते असेल बाई. पण माझ्या घरात दोन सुना हायत. नको बाबा."

"अवो, ऐका तरी—"

तिने फोन ठेवला. मी लगेच परत लावला. वाजत राहिला, उचलला नाही.

सुनेचा हात थांबला होता. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपली. तिने ती उलटली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आय, खरं काय हे सगळं?"

"खरं."

"मग त्या बाईला कशाला सांगितलंत? तिचा काय संबंध? तीन नंबरवालीला सांगायचं ना. ती काय, बाहेरच बसलीय."

मी दारातून बघितलं. तीन नंबरवाली ओट्यावर बसून मुलीची वेणी घालत होती. मुलगी मान खाली घालून पुस्तक वाचत होती. दहा पावलं होती.

मी पालघरला परत फोन लावला. उचलला नाही. आणखी एकदा लावला.